नामानाचे चाकर

(वचनाधार : २ राजे ५:१-१४)



कोडानें पिडलेला अरामी सेनापति नामान याची कथा आपल्या मंडळ्यांत पुष्कळदां सांगितली जाते. तींत अलीशा संदेष्टा व यार्देनेचें पाणी यांकडे आपलें लक्ष जातें. परंतु तेराव्या वचनांत कांहीं चाकर आहेत, ज्यांचीं नांवेंही शास्त्रांत दिलेलीं नाहींत. आज त्यांजकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों. नामान रागावून परत निघाला होता. आरोग्य हातीं येण्याच्या बेतांत असतां तो त्याकडे पाठ फिरवीत होता. तेव्हां हे चाकर त्याच्या जवळ गेले, त्यांनीं त्याला बाप म्हणून हाक मारिली, आणि सांगितलेली गोष्ट सोपी आहे, ती करून पाहण्यास काय हरकत आहे, अशा अर्थानें त्याची विनवणी केली. दिमिष्काच्या नद्या चांगल्या कीं यार्देन चांगली, हा वाद त्यांनीं घातला नाहीं.

आपल्या घरांत काय घडतें? बापाला मधुमेह झाला आहे. डॉक्टरांनीं चालावयास व गोड कमी करावयास सांगितलें आहे. मुलगा चार माणसांदेखत म्हणतो, "यांना किती सांगा, ऐकतच नाहींत." सून गुळाचा डबा लपविते, आणि म्हातारा फाट्यावरच्या हॉटेलांत जाऊन दोन कप चहा व भजीं घेतो. सल्ला खरा असतो, पण जवळ जाणें नसतें. शिवाय हाच मुलगा हाकेच्या अंतरावरील उपासनामंदिरांत मोटारसायकलीवर बसून येतो!

कित्येक म्हणतात, आयुष्याची दोरी देवाच्या हातीं आहे, मग ही खटपट कशाला? योहानानें गायस यास लिहिलेल्या पत्राच्या आरंभीं त्याच्या आत्म्याच्या कुशलाबरोबर त्याच्या शरीराच्या आरोग्यासाठींही प्रार्थना केली आहे (३ योहान २). मित्राच्या प्रकृतीची चौकशी करणें प्रेषिताला हलकें वाटलें नाहीं. मधुमेह हळूहळू डोळे, मूत्रपिंडें व पाय यांचा घात करितो. ज्या घरांत कोणाचा पाय कापावा लागला आहे, त्या घरास याविषयीं अधिक सांगावयास नको.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या मार्गदर्शनाप्रमाणें प्रौढ माणसानें आठवड्यांत निदान १५० मिनिटें मध्यम श्रमाची हालचाल करावी. म्हणजे ५ दिवस रोज ३० मिनिटें झपझप चालावें. आज इतकें जमत नसेल तर १० मिनिटांनीं आरंभ करावा. "बाबा, चालायला जा" यापेक्षां "बाबा, ओढ्यापर्यंत माझ्याबरोबर चला ना" हें वाक्य अधिक काम करितें. पायांत वहाण असावी, कारण मधुमेह्याच्या पायांत कांटा मोडला तरी पुष्कळदां त्याला कळत नाहीं. चालतांना छातींत दुखूं लागलें तर थांबून डॉक्टरांकडे जावें. आणि चालणें सुरू झालें म्हणून गोळ्या आपल्या मनानें सोडूं नयेत.

येथें आम्हांस एक गोष्ट बजाविली पाहिजे. जी माउली पहाटे पाणी भरून, भाकरी थापून, दिवसभर खुरपून संध्याकाळीं पुन्हा चूल पेटविते, तिला "चालत जा" म्हणणें ही थट्टा आहे. तिला वेळेवर पोटभर जेवण व थोडा विसावा हवा. मात्र तिच्या मशेरीविषयीं बोललें पाहिजे. मशेरी म्हणजे भाजून पूड केलेली तंबाखूच, व ती तोंडाला घातक आहे. पण डबी हिसकावून घेतली तर दुसरी डबी लपविली जाईल. लेकीनें जवळ बसून गोडीनें सांगावें, आणि दिवसांतून एक वेळ कमी झाली तरी आईचें कौतुक करावें.

आपलें कोण ऐकणार, असें खेड्यांतील बहिणींस वाटतें. नामानाच्या घरीं प्रथम बोलली ती कैद करून आणिलेली एक लहान मुलगी. १९७० सालीं डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्यानें जामखेड येथें ग्रामीण आरोग्याचें काम आरंभिलें, तेव्हां त्यांनीं खेड्यांतील स्त्रियांस शिकवून आपापल्या गांवच्या आरोग्यसेविका केलें. त्यांपैकीं पुष्कळींस अक्षरओळखही नव्हती. १९७९ सालीं या दांपत्यास मॅगसेसे पारितोषिक मिळालें. त्या कामाचें बळ डॉक्टरांच्या विद्येंत होतेंच. पण घराघरांत शिरली ती शेजारीण.

नामानानें सात वेळां बुडी मारिली. पहिल्या सहा वेळां काय दिसलें, हें शास्त्र सांगत नाहीं. आपणही घरच्या माणसाला रोज वजनकांट्यावर उभें करूं नये. रक्तांतील साखरेची सरासरी दाखविणारी तपासणी मागील दोन-तीन महिन्यांचा हिशेब देते, तोंवर धीर धरावा.

आणि उपदेशकबंधूंस एक विनंति. सकाळपासून आठ घरीं भेटी दिल्या कीं आठ कप गोड चहा पोटांत जातो, व नको म्हटलें तर यजमानास वाईट वाटतें. रविवारीं उपासनेनंतर जेथें चहा होतो तेथें एक किटली बिनसाखरेची ठेवावी, आणि तिचा पहिला कप मंडळीदेखत उपदेशकानें घ्यावा.