व्याधी, वार्धक्य आणि स्मरण

परमार्गात देह हे साधन आहे, साध्य नव्हे. साधन झिजते हे कोणी नाकारीत नाही. परंतु ते झिजत असता त्याच्याकडून कोणते कार्य करून घ्यावयाचे, हा प्रश्न साठी-सत्तरीच्या वासनिकापुढे कर्करोगाचे निदान झाले म्हणजे खऱ्या अर्थाने उभा राहतो.

नाशिक परिसरातील अशा रुग्णास घेऊन नातलग पूर्वी पंचवटी एक्सप्रेसने मुंबईस, परळच्या टाटा रुग्णालयात जात. १९४१ साली स्थापन झालेल्या त्या रुग्णालयाचा आधार आजही आहेच. पण आता शस्त्रक्रिया, किरणोपचार व रसायनोपचार हे नाशिकातही होतात. उपचार घराजवळ आले, हे भाग्यच. मात्र रोगाचे नाव अजून रुग्णाजवळ पोहोचत नाही. आईचे कागद मुलाच्या हाती, ते इंग्रजीत. वैद्य बोलणार मुलाशी, आणि ज्या माउलीचा देह, तिला सांगावयाचे 'साधी गाठ आहे'!

येथे श्रीनागदेवाचार्यांचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. केशोबासांनी संस्कृतात ग्रंथरचना करू नये, कारण त्यामुळे सर्वज्ञांचा सामान्य परिवार, विशेषतः म्हाताऱ्या बाया, ज्ञानास मुकतील, असे आचार्यांनी त्यांना बजाविले. जो पंथ वृद्ध स्त्रीला कळावे म्हणून ब्रह्मविद्या मराठीत राखतो, त्याच पंथाच्या घरात वृद्ध स्त्रीला तिच्याच देहाची वार्ता कळू नये, ही विसंगती लहान नव्हे.

'कळले तर ती खचेल,' असे मुले म्हणतात. त्यामागे प्रेमच असते. पण उतरत चाललेले वजन, दाराआडची कुजबुज आणि पाहुण्यांची अकस्मात वर्दळ यांवरून तिला बहुधा कळलेलेच असते. फक्त ती ते एकटी सोसते. शिवाय वासनिकास काळाची जाणीव हवी असते ती विशेष कारणाने. ज्ञानदात्या गुरूंपाशी जाऊन राहिलेली शंका विचारावयाची असते, घडलेल्या दोषांचे प्रायश्चित्त घ्यावयाचे असते, कोणाशी धरलेला अबोला सोडावयाचा असतो. रिद्धपूरची वाट झेपत नसेल तर निफाड तालुक्यातील मौजे सुकेण्याच्या श्रीदत्तमंदिरापर्यंत तरी एकदा दंडवतास जावयाचे असते. हे सारे 'बरी झाल्यावर' म्हणून पुढे ढकलविणारा पुत्र मातेचे धन नकळत हरण करितो. अर्थात् किती ऐकावयाचे हे आधी तिलाच विचारावे. कोणी 'मला सांगू नका' म्हणाले, तर त्याच्यावर सत्य लादणे हेही परपीडनच होय.

दुसरा प्रश्न कर्माचा. 'भोग आहे, तर औषध कशाला?' असे काही भाविक, क्वचित् भिक्षुकही, म्हणतात. क्षुधा हीही देहाचीच पीडा; तरीही भिक्षाभोजनाचा विधी आहे, उपाशी मरण्याचा नाही. मग औषधानेच नेमका धर्म कसा बुडेल? निषेध आहे तो औषधाचा नव्हे, देवतांना नवस बोलण्याचा, अंगाऱ्या-धुपाऱ्याचा आणि बोकड कापण्याचा. प्रारब्धाचा विचार स्वतःच्या समाधानासाठी आहे. दुसऱ्याच्या खाटेजवळ बसून 'पूर्वीचे पाप' मोजण्यासाठी तो सांगितलेला नाही.

व्यसनत्यागाविषयी येथे थोडकेच पुरे. शरद पवार यांना २००४ साली, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, तोंडाच्या कर्करोगासाठी शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. त्यानंतर ते दहा वर्षे केंद्रात कृषिमंत्री होते, आणि तंबाखू-गुटख्याचा दोष त्यांनी स्वतः जाहीरपणे सांगितला. राजकारणाशी येथे कर्तव्य नाही. निदान म्हणजे कार्याचा शेवट नव्हे, एवढेच त्यावरून घ्यावे. आणि कोणाच्या तोंडात मिश्री असेल तर तिचेही काय करावयाचे ते समजावे.

वेदनेविषयी मात्र सविस्तर सांगणे अगत्याचे आहे. असह्य वेदना सोसणे म्हणजेच तप, अशी समजूत आढळते. परंतु वेदना चित्ताला देहापाशीच बांधून ठेविते. तेथे नाम, लीला, मूर्ती, चेष्टा यांचे स्मरण कसे टिकावे? या दुखण्यावर मॉर्फिन हे जाणत्या वैद्यांचे मान्य औषध आहे. १९८५ च्या कायद्याने ते मिळणे फार कठीण झाले होते. २०१४ च्या दुरुस्तीने नियम सुलभ झाले. वैद्याच्या देखरेखीखाली, वेदनेपुरते घेतलेले हे औषध व्यसन नव्हे. स्मरणास मोकळीक देणारे ते साधनच म्हणावे. ग्लानी फार येत असेल तर तसे वैद्यास सांगावे, मात्रा बदलता येते. पण 'सोस आता' असे कोणी म्हणू नये.

रसायनोपचारानंतरच्या आठवड्यात पारायण होत नाही, आसनही साधत नाही. मग पडल्यापडल्या एकच लीला घ्यावी. स्वामी कोठे बसले होते, जवळ कोण होते, काय विचारिले, कसे हसले, हे सावकाश आठवावे. मध्येच झोप लागली तर लागू द्यावी. नातवास अक्षर येत असेल तर लीळाचरित्राचे पान त्याने वाचावे. जुना शब्द अडला की तो आजीलाच विचारतो, आणि त्या घटकेपुरती ती घरातली रुग्ण नसते.