भोग, आगम आणि मौन

जमिनीवरचा हक्क कशाने सिद्ध होतो याचा विचार धर्मशास्त्राने दोन शब्दांभोवती बांधला आहे: आगम आणि भुक्ती. जमीन हाती आली तो मार्ग, म्हणजे खरेदी, दान, वारसा किंवा राजाची सनद, हा आगम. प्रत्यक्ष वहिवाट ही भुक्ती. नारदस्मृती लेख, साक्षी आणि भुक्ती अशी तीन प्रमाणे मानते. कागद एकाच्या नावाचा आणि नांगर दुसऱ्याचा, असे झाले की ही प्रमाणे एकमेकांविरुद्ध उभी राहतात.

याज्ञवल्क्याचा नियम थोडक्यात असा: मालकाच्या डोळ्यांदेखत परक्याने वीस वर्षे जमीन भोगली आणि मालक काही बोलला नाही, तर त्याचा हक्क बुडतो. शब्दशः घेतला तर हा नियम बळजोरीला बक्षीस देतो. ती अडचण ओळखून मिताक्षराकार विज्ञानेश्वराने त्याचा अर्थ आवळला: बुडते ते उत्पन्न, मूळ जमीन नव्हे. आगमाशिवाय शेकडो वर्षे भोगणाऱ्यालाही नारद चोरच ठरवतो. तरीही तीन पिढ्यांच्या अखंड भोगापुढे शास्त्र नमते, कारण इतक्या मागचा आगम आठवणारे कोणी उरलेले नसते.

या नियमाचा सगळा भार मालकाच्या मौनावर आहे. मौन म्हणजे संमती धरायची, तर ज्याला बोलता येत होते त्याचेच मौन धरले पाहिजे. अज्ञान मुलाचे धन, ठेव, गावाची शीव, स्त्रिया, राजाचे धन ही भोगाने जात नाहीत, असे अपवाद स्मृतिकारांनी म्हणूनच ठेवले. राजाचा अपवाद वेगळ्या जातीचा आहे. राजा मुका नसतो, त्याचा पसारा मोठा असतो. आजच्या मुदतीच्या कायद्यातही त्याची छाया आहे: खाजगी मालकाविरुद्ध प्रतिकूल कब्जा बारा वर्षांत पिकतो, सरकारविरुद्ध तीस वर्षे लागतात. मीमांसेने मात्र राजालाही मर्यादा घातली. विश्वजित यज्ञात सर्वस्व दान करणाऱ्या राजाला भूमी देता येत नाही, कारण ती तिच्यावर जगणाऱ्या सगळ्यांची आहे.

कागद एकाचा आणि नांगर दुसऱ्याचा, हा प्रश्न महाड-पोलादपूरच्या मातीत खोतीच्या रूपाने शतकानुशतके वागवला गेला. बिरवाडीच्या परिसरात आजही 'कांबळे तर्फ बिरवाडी' अशी गावांची नावे आहेत. जुन्या महसुली वाटणीची ती खूण. सारा भरणाऱ्या खोताचे नाव दप्तरात, आणि भाताची खाचरे बांधणारे, वरकस उतारावर नाचणी-वरी काढणारे कूळ दप्तराबाहेर. कुळाने तोंड उघडले तर पुढच्या मृगाला जमीन मिळेलच याची खात्री नसे. अशा माणसाच्या मौनाला संमती म्हणणे हा अधर्मच होता. अलिबागकडच्या चरी गावात १९३३ पासून कुळांनी जमीन कसायचेच थांबवले, तेव्हा ते मौन फुटले. १९३७ मध्ये बाबासाहेब आंबेडकरांनी विधिमंडळात खोती नाहीशी करण्याचे विधेयक मांडले. खोती कायद्याने संपली ती १९४९ च्या कायद्याने, आणि १ एप्रिल १९५७ या कृषकदिनी कूळ कायद्याने कसणाऱ्याला मालक मानले. तरी किंमत भरून '३२ म' कलमाचा दाखला हाती येईपर्यंत ती मालकी पक्की होत नसे. भोगाला शेवटी आगम मिळवावाच लागला.

यावरून वहिवाट नेहमी दुबळ्याच्याच बाजूची असते असे कोणी समजू नये. महाडचेच चवदार तळे त्याची साक्ष देते. नगरपालिकेने तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव होता, पण २० मार्च १९२७ च्या सत्याग्रहापर्यंत अस्पृश्यांना तिथले पाणी पिता आले नव्हते: आगम होता, भुक्ती नव्हती. त्यानंतरच्या दाव्यात सवर्ण वादींनी अस्पृश्यांना दूर ठेवण्याच्या पुरातन वहिवाटीचा आधार घेतला. १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती अनादी वहिवाट सिद्ध झाली नाही म्हणून त्यांच्याविरुद्ध निकाल दिला. कुळाचा भोग घामाचा होता. तळ्यावरचा भोग दुसऱ्याची तहान अडवण्याचा होता. दोन्हींना 'वहिवाट' हा एकच शब्द लावला जातो, आणि काळाची लांबी त्यांच्यातला फरक सांगू शकत नाही.

सातबाऱ्यावर मालकाला 'भोगवटादार' म्हणतात. शब्द भोगाचा, नोंद कागदाची. महसुली नोंद खोटी ठरेपर्यंत खरी मानली जाते, पण फेरफाराने मालकी निर्माण होत नाही, असे न्यायालये वारंवार सांगत आली आहेत. मुंबईला गेलेला चाकरमानी भाऊ आणि गावी राहून शेत राखणारा भाऊ यांच्यातले वाद इथेच अडतात. सहहिस्सेदाराचा कब्जा सर्वांच्या वतीने धरला जातो, त्यामुळे नुसत्या कसण्याने गावच्या भावाची एकट्याची मालकी होत नाही. कायदा योग्य असला, तरी चाळीस पावसाळे बांध घालणाऱ्या हातांना तो कठोर वाटतो, आणि ते वाटणे खोटे नाही.

सर्वांत अवघड बाजू कातकरी आणि ठाकूर या आदिवासींच्या वाड्यांची आहे. रायगड जिल्ह्यात डोंगरउतारावरच्या ज्या तुकड्यांना दळी म्हणतात, ते इंग्रजी अमलात त्यांना कसायला मिळाले. मालकी वनखात्याकडे राहिली. २००६ च्या वनहक्क कायद्याने १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासूनचा आदिवासींचा ताबा मान्य केला, आणि इतर वननिवासींकडून तीन पिढ्यांचा, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचा, रहिवास मागितला. तीन पिढ्यांचे जुने माप असे नव्या कायद्यात परत आले. दावा ग्रामसभेपुढे सुरू होतो. सरकारी कागदांबरोबर सपाट केलेली जमीन, बांध, विहिरी, दफनभूमी, देवस्थाने आणि दावेदार नसलेल्या वडीलधाऱ्यांचे लिहून घेतलेले जबाब हेही पुरावे म्हणून चालतात.