स्वस्त चहाचा राग

वॉशिंग्टन डीसीतल्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर एक तक्रार छापलेली असते. प्रतिनिधित्वाविना करवसुली बंद करा, असा तिचा अर्थ. सरकारविरुद्धची तक्रार, तीही सरकारी पत्र्यावर! डीसीत सुमारे सात लाख लोक राहतात. ते केंद्राचा आयकर भरतात. हाउसमध्ये त्यांचा एक प्रतिनिधी बसतो, बोलतो, पण विधेयक संमत करताना त्याला मत नसतं. सिनेटमध्ये तर तेवढाही नाही.

मी नदीपलीकडे, व्हर्जिनियात राहतो. सिग्नलला थांबलं की ही पाटी हमखास समोर येते. यंदा एप्रिलमध्ये टॅक्स रिटर्न भरताना ती मला माझीच वाटली. मी एच-वन-बी व्हिसावर आहे. पगारातून आयकर जातो, सोशल सिक्युरिटीचे ६.२ टक्के जातात, मेडिकेअरचे १.४५ टक्के जातात. मत मात्र नाही. त्या शनिवारी मित्रांबरोबर जेवताना मी म्हणालो, "बॉस्टनवाल्यांनी याच कारणासाठी चहा समुद्रात फेकला होता. आपण मुकाट्यानं फॉर्म भरतोय." सगळे हसले. घरी आल्यावर मात्र वाटलं, बॉस्टनवाले नेमके कशावर चिडले होते ते आधी नीट बघू या.

ते महागाईवर चिडले नव्हते. १७७० च्या दुष्काळानं बंगाल उजाड झाला आणि दोनच वर्षांत ईस्ट इंडिया कंपनी दिवाळखोरीच्या काठावर आली. तिला वाचवायला ब्रिटिश संसदेनं १७७३ मध्ये टी अ‍ॅक्ट आणला. त्यामुळे कंपनीला वसाहतींत थेट चहा विकता येणार होता आणि चहा उलट स्वस्त होणार होता. पौंडामागे तीन पेन्सचा जुना कर तेवढा कायम राहिला. १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री ३४२ पेट्या पाण्यात गेल्या. चोरटा चहा विकणाऱ्या व्यापाऱ्यांचा स्वार्थ त्यात होताच. पण लोकांचा आक्षेप होता तो तीन पेन्स कुणी ठरवले याला.

लंडनचं उत्तरही तयार होतं. संसदेचा प्रत्येक सदस्य साऱ्या साम्राज्याचा प्रतिनिधी असतो. मँचेस्टर आणि बर्मिंगहॅमलाही स्वतःचा सदस्य नाही, ते कुठे ओरडतात? वसाहतींना हा युक्तिवाद पटला नाही.

२००९ मध्ये टी पार्टीचं नाव पुन्हा गाजलं. १९ फेब्रुवारीला शिकागोच्या बाजारातून रिक सँटेली हा वार्ताहर टीव्हीवर कडाडला. घरकर्ज थकवणाऱ्यांना मदत देण्याची सरकारी योजना त्याला खुपत होती. एप्रिलमध्ये, कर भरण्याच्या शेवटच्या दिवशी, गावोगाव मोर्चे निघाले. गंमत अशी की सँटेली कडाडण्याच्या दोनच दिवस आधी सही झालेल्या कायद्यानं बहुतेक नोकरदारांचा कर कमी केला होता. म्हणजे इथंही राग रकमेवर नव्हता. पण एक मोठा फरक होता. या लोकांना प्रतिनिधी होते, फक्त ते निवडणूक हरले होते. पुढच्याच वर्षी त्यांच्या जोरावर रिपब्लिकन पक्षानं हाउसमधल्या ६३ जागा वाढवल्या. हरणं म्हणजे प्रतिनिधित्व नसणं नव्हे, हे खुद्द वॉशिंग्टननं १७९४ मध्येच दाखवून दिलं होतं. व्हिस्कीवरच्या कराविरुद्ध उठलेल्या पेनसिल्व्हेनियातल्या शेतकऱ्यांवर तो सुमारे १३,००० सैनिक घेऊन गेला होता.

२०१२ मध्ये मिट रॉमनींनी आयकर न भरणाऱ्या ४७ टक्के लोकांबद्दल जे काढलं, त्यात जुनं वाक्य पुरतं उलटं झालं. आधी होतं, मत नाही तर कर नाही. आता सूर असा, की कर नाही तर मताला काय किंमत?

इथं मी चपापलो. जेवणाच्या टेबलावरचं माझं वाक्य याच पायावर उभं होतं: मी इतके पैसे भरतो, म्हणून मला मत हवं. मग आमच्या सीईओला हजार मतं द्यायला हवीत, आणि रात्री ऑफिस झाडणाऱ्या बाईला पाव. पैसे भरल्याशिवाय मत नाही, हा प्रकार या देशात खरंच होता. केंद्राच्या निवडणुकांतून तो १९६४ च्या २४ व्या घटनादुरुस्तीनं गेला. आणि आठवलं, पुण्यात कॉलेजच्या कँटीनमध्ये कर्जमाफीवर बोलताना मी "आमच्या टॅक्सच्या पैशावर" असं तावातावानं म्हणायचो. तेव्हा मी एक रुपया आयकर भरलेला नव्हता.

मग कराचा आणि मताचा संबंध काय? मला उत्तर सापडलं ते बॉस्टनच्या त्या रात्रीनंतर सुमारे सहा वर्षांनी, त्याच मॅसॅच्युसेट्समध्ये. १७८० मध्ये डार्टमथच्या पॉल कफी आणि इतर स्वतंत्र कृष्णवर्णीयांनी विधिमंडळाकडे अर्ज केला. आमच्याकडून कर घेता, आमच्या वर्णाचे लोक तुमच्या लढाईत उतरलेत, मग मत का नाही? मला त्यात किंमत चुकवल्याचा दावा दिसत नाही. वसुलीच्या वेळी तुम्ही आम्हाला आपल्यात धरता, हे ते दाखवून देत होते. कर हा पुरावा होता, दाम नव्हे.

पुरावा म्हटला की तो पुरेसा आहे का, हेही बघावं लागतं. दोन आठवडे फिरायला आलेला माणूसही दुकानात कर भरतो. त्याला कुणी मत देणार नाही. मला इथं चार वर्षं झालीत, मी माझ्या मर्जीनं आलोय. आज मला मत न मिळणं अन्याय आहे, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण ग्रीन कार्डात प्रत्येक देशाला सात टक्क्यांची मर्यादा आहे, आणि भारतीयांची रांग दशकांची. या रांगेत वीस वर्षं घालवलेल्या माणसाला काय सांगायचं? जनगणनेत तो मोजला जातो, त्याच्या डोक्यामुळे राज्याच्या जागा ठरतात, मत दुसरेच देतात. लंडनचं १७६५ चं उत्तर याहून वेगळं कुठे होतं?

आणि शेतात राबणारा, कागदपत्रं नसलेला मजूर? त्यातल्या अनेकांच्या पगारातून सोशल सिक्युरिटी कापली जाते, जी त्यांच्या हाती कधीच पडणार नाही. त्या रात्री टेबलावर मी "आपण" म्हणालो, तेव्हा तो माझ्या मनात नव्हता. पाटी माझी आहे असं म्हणायचं, तर ती आधी त्याची आहे हे मान्य करावं लागेल.