वाट विचारावी

भोर-वेल्ह्याच्या मुलखात हिंडताना किल्ल्यांचे पुस्तक माझ्या पिशवीत असतेच. तोरणा १४०३ मीटर उंच. राजगडाला पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी अशा तीन माच्या. हे सारे मला पुस्तकानेच शिकविले. पण छापलेल्या पुस्तकाला वय असते. जुन्या पुस्तकांत हे दोन्ही गड भोर संस्थानात आहेत. संस्थान तर १९४८ सालीच विलीन झाले!

याहून मोठी उणीव निराळीच आहे. पुस्तक आपल्याला कुणाचे मिंधे होऊ देत नाही. वाट विचारायची म्हणजे परक्यापुढे आपले अडाणीपण कबूल करायचे. मग गुराखी आधी आपले गाव विचारतो, यंदा टाक्यात पाणी उरले आहे की नाही ते सांगतो. एखादी आजीबाई पाण्याचा तांब्या पुढे करते. हे उपकार फेडता येत नाहीत, आणि तेच बरे.

वाट ठाऊक असूनही विचारणे ही लबाडी नव्हे काय? मला तसे वाटत नाही. वाटेच्या निमित्ताने माणसाची विचारपूस होते. म्हणून पुस्तक मी घरी मन लावून वाचतो आणि गावाच्या वेशीपाशी मिटून ठेवतो.