उंबऱ्याच्या खालचा रस्ता

कयाधूच्या खोऱ्यात, सेनगाव तालुक्यात एक गाव होतं. गावठाणात दोन जुन्या गल्ल्या, वरची आणि खालची. दोन्हीकडची घरं एकाच घडणीची. दगडमातीच्या रुंद भिंती, आत सागवानी खांब, खांबांवर तुळया, त्यावर लाकडी किलच आणि सगळ्यांत वर पांढऱ्या मातीचं माळवद. दारापुढे दगडी ओटा. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पुढे गेला तरी या घरांत दुपारी डोळा लागायचा, आणि रात्री माळवदावर अंथरूण पडायचं.

गल्ल्या देखण्या होत्या, पण तिथं राहणं सोपं नव्हतं. पाणी हातपंपाचं. सांडपाणी वाटेच्या मधोमध. पावसाळ्यात घोट्याएवढा चिखल. कुणी आजारी पडलं की त्याला बाजेवर घालून वेशीपर्यंत न्यायचं, कारण गाडी आत यायची नाही.

२०२४च्या मार्चात आणि पुन्हा जुलैत हिंगोली जिल्ह्याला भूकंपाचे धक्के बसले. मांडणीतली भांडी वाजली, माळवदातून माती गळली. लोक भ्याले. त्यातच गावाला सिमेंट रस्त्यासाठी निधी मंजूर झाला आणि ग्रामसभा भरली.

वरच्या गल्लीचा पुढारी म्हणाला, "रस्ता आला की घेऊन टाकायचा. उद्या निधी परत गेला तर? आणि ही मातीची घरं एक दिवस आपल्याच अंगावर पडणार. आज ना उद्या पाडायचीच आहेत."

खालच्या गल्लीतली मोठी माय उठली. वय ऐंशीच्या घरात, शब्दाला वजन. "माझ्या सासऱ्यानं बसवलेल्या दगडाला कुणी हात लावायचा नाही. रस्ता नको, नळ नको, विजेचा खांब नको. आमची गल्ली हाय तशी राहू द्या."

तिच्या मागं बसलेली सून उभी राहिली. सासूपुढं ती चारचौघांत कधी बोलली नव्हती.

"आत्याबाई, वाडा तुमच्या सासऱ्यांचा खरा. पण त्या वाड्यात पाणी मी वाहते. पहाटे हंडा घेऊन मी निघते, माझी लेक निघते. वाडा जपायचा तर त्यात राबणारं माणूस आधी जपा."

सभा गप्प झाली. मोठ्या मायनं सुनेकडं बराच वेळ पाहिलं आणि ती खाली बसली.

आठ दिवसांत वरच्या गल्लीचं काम सुरू झालं. जुना मुरूम तसाच ठेवून त्यावर खडी पडली, खडीवर सिमेंट. ठेकेदार खुश, लोक खुश. फटाके वाजले.

खालच्या गल्लीनं एक महिना मागून घेतला. मोठ्या मायचा नातू पुण्यात इंजिनिअर होता, त्याला बोलावलं. गावातल्या म्हाताऱ्या मिस्त्रीलाही ओट्यावर आणून बसवलं. मिस्त्री तरुणपणी किल्लारीकडं भूकंपानंतरच्या दुरुस्तीच्या कामावर गेला होता.

"बाबा, ही घरं पाडायची का ठेवायची?" नातवानं विचारलं.

मिस्त्री म्हणाला, "३० सप्टेंबर १९९३ची पहाट. गणपती बोळवून माणसं झोपली होती. हजारो गेली. ढिगारे उपसले तेव्हा आम्हाला काय दिसलं? भिंती पडल्या, पण किती तरी घरांत खांब-तुळयांचा सांगाडा जागेवर उभा. माणसं मेली ती भिंतीच्या गोट्यांखाली आणि माळवदाच्या मातीखाली. गळलं की टाक माती, गळलं की टाक माती, असं करत वर दोन-दोन फूट ओझं चढलं होतं. भिंतीला आतला पदर वेगळा, बाहेरचा वेगळा, दोन्ही सांधणारा आरपार दगडच नाही. आम्ही मग तेच शिकलो. वरची माती कमी करायची, भिंतीत ठिकठिकाणी आरपार सांधे घालायचे, खांब आणि तुळईच्या जोडाला तिरपा आधार द्यायचा."

"म्हणजे घर वाईट नव्हतं?"

"लेकरा, घरात काही चांगलं होतं, काही वाईट. ज्याला दोन्ही ओळखू येतं त्यानंच घराला हात लावावा. तिकडं ५२ गावं नव्या जागी वसली. पक्की घरं मिळाली, सरळ रुंद रस्ते मिळाले, जीव सुरक्षित झाला. पण कैक घरांपुढं लोकांनी पुन्हा ओसऱ्या काढल्या, ओटे घातले. बसायला-बोलायला जागा लागतेच माणसाला."

नातवानं कागद पसरला. "पुण्यात कसबा आणि बुधवार पेठेत मेट्रो जमिनीखालून नेली. स्थानकांसाठी काही घरं हलवावी लागली, पण पेठा मोडल्या नाहीत. आपल्याला मेट्रो आणायची नाही, पण रीत तीच ठेवू. जे जमिनीखाली जाऊ शकतं ते आधी खाली घालू. रस्ता सगळ्यांत शेवटी."

मिस्त्रीनं काठीनं उंबरा दाखवला. "आणि रस्ता याच्या हातभर खाली राहिला पाहिजे. आज त्यावर थर चढवला की उद्या पाणी घरात."

त्याप्रमाणे ठराव झाला. आधी जुना थर उकरून काढला. मग भूमिगत गटार. त्यापासून अंतर राखून, त्याच्या वरच्या पातळीला पिण्याच्या पाण्याची नळी, आणि तिथूनच प्रत्येक घराला जोड. विजेच्या उघड्या तारा गेल्या, त्यांच्या जागी वेष्टणाची केबल आली. सगळं बुजवून, दाबून झाल्यावर मधोमध सिमेंटचा पट्टा आणि दोन्ही कडांना गल्लीतलीच जुनी फरशी बसवली.

एकच अडचण उरली. वळणावर मोठ्या मायचा ओटा पुढं आलेला होता, रुग्णवाहिका तिथं वळत नव्हती. गल्लीतलं कुणी तिला सांगायला धजेना. एके सकाळी तीच मिस्त्रीला म्हणाली, "कोपरा काढा. दगड मात्र फोडू नका, ओट्याच्या दुसऱ्या अंगाला लावा. बाजेवर घालून न्यायची पाळी आता माझीच हाय."

त्याच मिस्त्रीनं गावातली चार पोरं हाताशी धरली. माळवदाची जादा माती उतरली, भिंती सांधल्या, गिलावा मातीचा आणि चुन्याचा केला.

पुढच्या पावसाळ्यात दोन्ही गल्ल्यांची परीक्षा झाली.

वरच्या गल्लीतला रस्ता उंबऱ्याच्या वर आला होता. पहिल्याच मोठ्या पावसात पाणी दारातून आत शिरलं. भिंतींच्या पायाला ओल धरली. लोकांनी घाईनं सिमेंटचा गिलावा मारला. मातीत भरलेल्या दगडी भिंतीतली ओल बाहेर निघायला वाटच राहिली नाही, ती आतल्या आत वर चढत गेली, भिंतींना फुगे आले. नंतर नळयोजना आली आणि फटाके वाजवून केलेला रस्ता मधोमध फोडावा लागला. एका घराची भिंत कोसळली. माणसं शेतात होती म्हणून वाचली. मग भीतीनं एकामागून एक घरं पाडली गेली. सागवानी खांब जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्यानं नेले. त्यांच्या जागी पत्र्याच्या खोल्या उभ्या राहिल्या, ज्यांत उन्हाळ्यात दुपारी बसवत नव्हतं.

खालच्या गल्लीतही घरं तीच होती आणि पाऊसही तोच. पाणी कडेच्या उतारानं गेलं. घराघरात नळ आला. हंड्यामुळं जिची पहिली तासिका बुडायची ती पोरगी वेळेवर शाळेत जाऊ लागली. ओट्यावर संध्याकाळची बैठक पूर्वीसारखीच भरत होती.

वरच्या गल्लीचा पुढारी एक दिवस मिस्त्रीकडं आला. "बाबा, आमचं आता कसं करावं?"

"रस्ता उकरा, खाली घ्या. जी घरं उभी हायत त्यांचा सिमेंटचा गिलावा काढा, भिंती वाळू द्या. ती वाचतील."

"आणि जी पाडली ती?"

"ती गेली," मिस्त्री म्हणाला. "तशा खांबांचं सागवान आता बाजारात आपल्या ऐपतीत मिळत नाही. आणि ते घडवणारे सुतार माझ्या आधीच गेले."

वरच्या गल्लीनं रस्ता दुसऱ्यांदा केला, दुप्पट खर्च करून. उरलेली घरं सावरली. पडलेली परत आली नाहीत.

तात्पर्य : सोय आणि वारसा यांचं मुळात वैर नाही, घाई आणि हट्ट हे दोघांचेही शत्रू आहेत. जुन्यातलं जे जीव घेतं ते बदलावं, जे जीव सांभाळतं ते राखावं आणि नव्याला त्याच्या योग्य जागी बसवावं. गल्ली जपण्याचा भार एकट्या हंडा वाहणारीवर टाकून जी जपणूक होते ती टिकत नाही, आणि उंबरा बुडवून जो रस्ता होतो त्याला विकास म्हणता येत नाही.

वाचकहो, तुमच्या गावठाणात उद्या निधी येईल. त्या ग्रामसभेला जरूर जा आणि तीन प्रश्न विचारा : नळ आणि गटार आधी होणार का? रस्ता उंबऱ्याच्या खाली राहणार का? आणि गावातल्या जुन्या मिस्त्रीला कुणी विचारलं का? उत्तरं मिळेपर्यंत काम सुरू होऊ देऊ नका. महिनाभराच्या उशिरानं गावाचं नुकसान होत नाही. पाडलेलं घर मात्र कुठल्याही निधीतून परत मिळत नाही.