यंत्राचा जीर्णोद्धार

जुनी वस्तू दुरुस्त करावी की टाकून द्यावी, हा प्रश्न वरवर पाहता काटकसरीचा आहे आणि आपल्या घरांतून तो बहुधा त्याच दृष्टीने सोडविला जातो. दुरुस्तीचा खर्च नव्या वस्तूच्या किमतीहून कमी असला तर दुरुस्ती, अधिक असला तर भंगार. परंतु काही माणसे हा हिशेब जाणूनबुजून चुकवितात. अशा एका माणसाच्या सहवासात गेल्या उन्हाळ्यात मी सहा आठवडे घालविले. तो माझा धाकटा भाऊ असल्यामुळे त्याच्याविषयी अगदी निःपक्षपातीपणे लिहिता येईल, असा मात्र माझा दावा नाही.

भाऊ अमेरिकेत इलिनॉय राज्यातील एका लहान गावी राहतो. शेजारचे वृद्ध गृहस्थ वारल्यानंतर त्यांच्या पत्नीने परसातील छपरी मोकळी करावयास काढली, तेव्हा तिच्यातून एक गंजलेला ट्रॅक्टर निघाला. ट्रॅक्टर म्हणजे शेतातला अवाढव्य नव्हे. दुसऱ्या महायुद्धानंतर तिकडे शहरांच्या कडेने जी घरे उठली, त्यांतील पुष्कळांभोवती अर्धा एकर, एक एकर मोकळी जमीन असे. तेथील गवत कापावे, चार वाफे नांगरावेत, हिवाळ्यात बर्फ लोटावे, एवढ्यासाठी या बागेतल्या ट्रॅक्टराचा खप वाढला. शिकागोच्या इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीने १९६१ साली ‘कब कॅडेट’ या नावाने आपला ट्रॅक्टर बाजारात आणला. सात अश्वशक्तीचे, एकाच सिलिंडरचे कोहलर इंजिन, तीन वेगांचे गिअर, पिवळा-पांढरा रंग. शेजाऱ्यांचा ट्रॅक्टर या पहिल्याच घडणीचा होता. बाईंनी तो भावास नुसताच देऊ केला. एरवी तो भंगारातच जावयाचा होता.

दररोज सायंकाळी कचेरीतून आला की भाऊ त्या लोखंडापुढे बसे आणि मी त्याच्यापुढे. इंजिनाचा दट्ट्या सिलिंडरात घट्ट रुतून बसला होता. भावाने प्लग काढून त्या छिद्रातून तेल ओतले आणि तो आठ दिवस स्वस्थ बसला. मग फ्लायव्हील हाताने इंचभर पुढे, इंचभर मागे. जोर करावयाचा नाही. जोर केला तर आतले काही तरी मोडते. नवव्या दिवशी ते हलले. इंजिनावरचे पत्र्याचे आवरण काढले, तेव्हा थंडाव्यासाठी केलेल्या पाळ्यांत उंदरांनी गवताचे घरटे बांधलेले आढळले. कार्ब्युरेटरात जुन्या पेट्रोलचा राळेसारखा थर जमला होता. गंज काढण्याची युक्ती तर मला फारच आवडली. पिंपात पाणी घेऊन त्यात धुण्याचा सोडा विरघळवावयाचा, बॅटरी भारण्याच्या यंत्राची ऋण तार गंजलेल्या भागास आणि धन तार एखाद्या टाकाऊ लोखंडी पत्र्यास जोडावयाची. रात्रभरात गंज सुटा होतो आणि खालचे चांगले लोखंड जसेच्या तसे राहते. तो टाकाऊ पत्रा मात्र स्वतः झिजून जातो.

तत्त्वज्ञान शिकविणाऱ्या मनुष्यास येथे एक जुना वाद आठवल्यावाचून राहत नाही. रिंगा नव्या, झडपा नव्या, टायर नवे, पट्टा नवा; मग ट्रॅक्टर तोच कसा? अथेन्सच्या लोकांनी थीसियसच्या जहाजाची कुजलेली एकेक फळी बदलली आणि तत्त्ववेत्त्यांना भांडावयास विषय दिला, असे प्लुटार्क सांगतो. आपल्याकडे नागसेनाने मिलिंद राजास विचारले होते की, महाराज, आस म्हणजे रथ काय? चाके म्हणजे रथ काय? राजास प्रत्येक वेळी ‘नाही’ म्हणावे लागले. रथ हा केवळ व्यवहारापुरता शब्द ठरला. या ट्रॅक्टराच्या नावाची कथा नागसेनास उपयोगी पडली असती. १९८१ साली मूळ कंपनीने ‘कब कॅडेट’चा धंदा दुसऱ्या कंपनीस विकला, १९८५ साली तिचा शेतीयंत्रांचा व्यवसायही दुसऱ्याच्या हाती गेला, आणि तरीही ते नाव आज नव्या कोऱ्या यंत्रांवर छापले जाते. भावाच्या अंगणातील लोखंडास मात्र त्या नव्या मालकांची ओळख नाही.

तथापि हा वाद वर्गात जितका रंगतो तितका त्या अंगणात रंगेना. भाऊ म्हणाला, “दादा, रिंगा बदलल्या तर तो तोच राहतो की नाही हे मला ठाऊक नाही. बदलल्या नाहीत तर तो चालत नाही, एवढे ठाऊक आहे.” खरी अडचण नंतर उभी राहिली आणि ती तर्काची नव्हती, नीतीची होती.

भावाने पिवळ्या रंगाचे डबे आणले होते. नव्या चिकटचित्रांचा संच आला होता. गिअरच्या दांड्यासाठी अगदी मूळच्यासारखी काळी मूठ टपालाने आली होती. कारण त्या दांड्यावर मूळची मूठ राहिली नव्हती. शेजाऱ्यांनी तिच्या जागी एक लाकडी मूठ स्वतः घडवून बसविली होती. ती ओबडधोबड होती, पण वर्षानुवर्षे तळहात लागून काळसर आणि गुळगुळीत झालेली. डाव्या पायाखालच्या पट्टीवरील नक्षी एका बाजूस साफ पुसून गेली होती, म्हणजे त्या गृहस्थांचा पाय किंचित वाकडा पडत असावा. भाऊ ही पट्टीही बदलावयास निघाला होता.

गंज आणि झीज यांत आपण सहसा फरक करीत नाही. दोहोंनाही आपण जुनेपणच म्हणतो. पण गंज चढतो तो वस्तूकडे कोणी पाहत नाही म्हणून, आणि झीज होते ती कोणी तरी तिला रोज हात लावतो म्हणून. पहिला काढून टाकणे हे कर्तव्य खरे. दुसरी पुसून टाकण्याचा अधिकार आपणास कोणी दिला? रस्किनने १८४९ साली इमारतींविषयी लिहिताना जीर्णोद्धारास विध्वंसाचाच एक प्रकार ठरविले. मला ते मत एरवी अतिरेकी वाटते. आपल्या परंपरेने जीर्णोद्धारास पुण्यकृत्य मानले ते उगाच नव्हे, आणि पडक्या देवळाकडे पाहत हळहळत बसण्यापेक्षा चार चिरे बसविणारा मनुष्य मला जवळचा वाटतो. परंतु कोरीव दगडी खांबांवर तैलरंगाचे झगझगीत थर चढविलेली देवळे मी पाहिली आहेत, आणि तेव्हा रस्किनशी भांडण्याचा माझा उत्साह मावळला आहे. अर्थात, सर्वच झीज राखता येत नाही. झिजलेल्या रिंगा पूज्य म्हणून ठेवल्या तर इंजिन धूर ओकेल. सीमारेषा कोठे काढावयाची, याचा नियम मला सांगता येत नाही. यंत्र यंत्राशी जेथे घासले तेथे बदल करावा आणि माणूस यंत्राशी जेथे घासला तेथे हात आखडावा, असे मी भावास सुचविले.

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “हे तू मला सांगतोस?”

त्याच्या या प्रश्नाचा रोख वाचकांस कळावा म्हणून एक गोष्ट सांगणे भाग आहे. आमच्या नानांनी सातारा जिल्ह्यातील आमच्या विहिरीवर एक डिझेल इंजिन बसविले होते. ते सुरू करावयाचा हँडल नानांखेरीज कोणास नीट फिरवता येत नसे. मूठ त्यांच्याच पकडीप्रमाणे झिजली होती. विजेचा पंप आला आणि इंजिन तेथेच पडून राहिले. नाना गेल्यावर दोन वर्षांनी मी ते भंगारवाल्यास वजनावर दिले. भाऊ तेव्हा परदेशी होता. त्याला विचारावे असे मला सुचले नाही असे मी पुष्कळ वर्षे म्हणत आलो. सुचले होते, पण तो नको म्हणेल हेही ठाऊक होते, आणि ती जागा मला मोकळी हवी होती. त्याने पत्रातून एकदाच विचारले, “हँडल तरी ठेवला आहेस ना?” मी त्या ओळीस उत्तर दिले नाही.

परक्याच्या ट्रॅक्टरावर माझ्या भावाने सहा आठवडे का घालविले, हे मला त्या सायंकाळपर्यंत कळले नव्हते असे म्हणता येणार नाही. मी ते छंदाच्या खात्यात टाकून मोकळा झालो होतो. मला उत्तर देता आले नाही, आणि त्यानेही ते मागितले नाही.

मी निघण्याच्या आदल्या रविवारी इंजिन सुरू झाले. पाच-सहा वेळा खोकले आणि मग एका लयीत चालू लागले. शेजारच्या बाई दार उघडून पायरीवर येऊन उभ्या राहिल्या. जवळ आल्या नाहीत. भावाने पत्रे रंगविले होते, चिकटचित्रे लावली होती. पायाखालची पट्टी जुनीच होती आणि दांड्यावर लाकडी मूठ होती. काळी मूठ आपल्या खोक्यासह खिडकीत पडली होती.

विमानतळावर मला पोचवावयास येताना तो बहुतेक गप्प होता. सामान उतरविताना त्याने विचारले, “दादा, नानांच्या इंजिनाचे किती पैसे आले होते रे?”

आकडा मला पक्का आठवत होता. मी तो सांगितला.