विषाची परीक्षा

विषाची परीक्षा घेऊ नये, असे आपण एकमेकांना बजावतो. माणसाच्या बाबतीत एवढा उपदेश पुरतो, कारण माणसाला सांगता येते. मांजराला सांगता येत नाही. ते ही परीक्षा रोज घेते, आणि तीही आपण हौसेने लावलेल्या झाडांवर. त्या परीक्षेची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न दिसायला लहान आहे. पण त्याचा विचार करू लागलो की तो लहान राहत नाही.

आमच्या अंगणात शेवंती आहे आणि घरात मांजर आहे. दिवाळीच्या सुमारास शेवंती भरात येते, आणि मांजर तिच्या पानांना तोंड लावते. शेवंतीत मांजराला बाधणारी द्रव्ये असतात. ती पोटात गेली तर लाळ गळते, उलट्या होतात, पोट बिघडते. कधी कातडीला दाह होतो. जीव मात्र बहुधा जात नाही.

हे ‘बहुधा’च अडचणीचे आहे. जालीम विषापुढे विचाराला जागाच नसते. कण्हेरीचे विष हृदयावर घाला घालते. हल्ली पुष्पगुच्छांतून घरोघर येणारी लिली तर मांजराचा काळच. तिचे पान चावले, अंगावर पडलेला पराग चाटला, फुलदाणीतले पाणी प्यायले, तरी दोनतीन दिवसांत मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. मांजराच्या घरात लिली आणू नये, हे सांगायला नीतिशास्त्र नको. नीतीची खरी कसोटी लागते ती सौम्य विषापाशी. तिथे कोणी ठाम उत्तर देत नाही. आपले आपल्याला ठरवावे लागते.

यावर दोन उत्तरे नेहमी ऐकू येतात. पहिले, ‘मुक्या जनावराला सगळे कळते हो!’ या बोलण्यात श्रद्धा आहे, आणि थोडी सोयही आहे. जनावराची उपजत जाण ज्या मुलखात घडली, त्या मुलखापुरती खरी. आपल्या मांजराचे पूर्वज पश्चिम आशियातल्या आणि उत्तर आफ्रिकेतल्या रानमांजरांचे. शेवंती मूळची चीनकडची, झेंडू मेक्सिकोचा, सदाफुली मादागास्करची. या सगळ्यांची गाठ एका अंगणात घालून दिली ती माणसाने. निसर्गाने जी भेट ठरवलीच नव्हती, तिच्यातून निभावण्याची अक्कलही निसर्गानेच द्यावी, ही अपेक्षा न्यायाची नाही. भेट ज्याने घडवली, तिचे बरेवाईट त्याने पाहावे.

शिवाय, आपल्या शरीराच्या मापाने त्याचे शरीर मोजता येत नाही. विष ठरते ते मात्रेवरून, असे सोळाव्या शतकात पॅरासेल्ससने सांगितले. पण मात्रा कोणाच्या देहाची? आपण तापावर सहज घेतो ती पॅरासिटामॉलची गोळी मांजराला मारू शकते, कारण ते औषध निरुपद्रवी करून बाहेर टाकण्याची यकृताची शक्ती त्याच्यात फार तोकडी असते. तेव्हा ‘आपल्याला सोसते, त्यालाही सोसेल’ हा मायेचा नव्हे, अज्ञानाचा हिशेब झाला.

दुसरे उत्तर याच्या उलट : ‘सगळे उपटून टाका, किंवा मांजराला कोंडून ठेवा.’ यात काळजी दिसते; पण मला वाटते, यात काळजीपेक्षा स्वतःची सुटका अधिक आहे. एकदा निर्णय घेतला की पुन्हा लक्ष द्यायला नको! मांजराला अंगणातून ऊन मिळते, माती मिळते, पाखरांमागे टक लावून बसण्याचे सुख मिळते. हे त्याचे स्वतःचे सुख आहे. त्या सुखाबरोबर थोडा धोका आला तर तो निदान त्याच्या जगण्याचा भाग असतो. पण बंद खोलीत, जिथे दुसरे हिरवे पानही नाही, तिथे टेबलावर ठेवलेली शेवंती केवळ आपल्या डोळ्यांच्या सुखासाठी असते. सुख आपले आणि धोका त्याचा, ही वाटणी मला मान्य होत नाही. फूल तेच, विषही तेच. पण नीतीच्या दृष्टीने या दोन गोष्टी एक नव्हेत. स्वतःसाठी धोका पत्करण्याचा अधिकार मला आहे. दुसऱ्याच्या वाट्याला तो लोटण्याचा नाही.

म्हणून शेवंती अंगणात राहावी, पण मांजराच्या वाटेपासून दूरच्या कडेला. वाटेवर गुलाब, मोगरा असावा. त्यांच्या पानाफुलांत मांजराला विष नाही. नवरात्रात घटाखाली धान्य पेरतो तसे मूठभर गहू एका कुंडीत पेरावेत, म्हणजे त्याच्या चघळण्याला हक्काचे हिरवे मिळते. पूजा झाल्यावर माळा लोंबत ठेवू नयेत, गळलेल्या पाकळ्या झाडून घ्याव्यात. झाडांवर कीटकनाशक फवारताना तर अधिकच जपावे. शेवंतीच्याच कुळातल्या एका फुलाच्या अर्काचे अनुकरण करून बनवलेले परमेथ्रिन मांजराला फुलापेक्षा कितीतरी घातक असते. आणि मांजर ओकू लागले, लाळ गाळू लागले, तर मिठाचे पाणी पाजू नये, घरातली गोळी देऊ नये. चावलेली डहाळी बरोबर घेऊन जनावरांच्या डॉक्टरकडे जावे.

यातले एकही काम मोठे नाही, आणि एकही एकदा करून संपणारे नाही. पाकळ्या उद्या पुन्हा गळतील, गहू पंधरा दिवसांनी पुन्हा पेरावा लागेल. भीतीने सगळे उपटले किंवा श्रद्धेने सगळे सोडून दिले, तर ही रोजची कामे टळतात; दोन्ही वाटांचे आकर्षण कदाचित तेवढ्यासाठीच असते. ज्याला सांगून कळत नाही, त्याच्याशी आपले नाते अशा रोजच्या कामांतूनच टिकते. आपण ती केली हे त्याला कधी कळणार नाही. आणि ती करताना त्याची अपेक्षाही धरू नये.